पार्श्वसंगीत पुढे आणताना

चित्रपटांतील वाद्यवृंदाचे संगीत या एकाच विषयाला वाहिलेला तासाभराचा साप्ताहिक कार्यक्रम मी पुण्यातल्या एका छोट्या कम्युनिटी रेडिओ केंद्रावर तीन वर्षे सादर केला. एकही गाणे वाजवायचे नाही, एवढाच त्याचा नियम होता. पहिल्या भागानंतर एका श्रोत्याने फोनवर विचारले, "सगळं छान आहे हो, पण गाणं कधी सुरू होणार?" त्या वेळी मला हसू आले. पुढे मात्र जाणवले, की आपल्या साऱ्या चित्रपटसंगीतविषयक विचाराचे सार त्या प्रश्नात आहे. चित्रपटसंगीत म्हणजे चित्रपटगीत, हे समीकरण आपल्याकडे इतके पक्के आहे, की गाण्याच्या आधीचे, मधले आणि संवादांखालचे संगीत ही केवळ वाट पाहण्याची जागा ठरते. विविध भारती १९५७ साली सुरू झाली आणि तिच्या कितीतरी आधी, १९५२ पासून, आपण रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' ऐकू लागलो. रेडिओने आपले कान घडवले हे खरे. पण ते गीताच्या मापाने घडवले.

या कार्यक्रमावरचा सर्वांत गंभीर आक्षेप निराळाच होता. जाणकार मित्र म्हणत, की पार्श्वसंगीत चित्रासाठी लिहिलेले असते. चित्र काढून घेतल्यावर ते ऐकवणे म्हणजे नाटकातला केवळ प्रकाश दाखवण्यासारखे आहे. या आक्षेपात तथ्य आहे. पार्श्वसंगीताचा मोठा भाग चित्राविना उभा राहत नाही, हे मी तीन वर्षांच्या अनुभवाने सांगतो. दार उघडले की झांज आणि नायिका रडली की व्हायोलिन, एवढ्यावर भागणारे संगीत स्टुडिओच्या शांततेत फार केविलवाणे वाटते. परंतु उरलेल्या भागाचे काय? बर्नार्ड हरमन हा संगीतकार चित्रपटात आला तो रेडिओतून. ऑर्सन वेल्सच्या १९३८ सालच्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या गाजलेल्या नभोनाट्याचे संगीतसंचालन त्याचेच होते. तिथे नृत्यसंगीत चालू असताना ते मध्येच तोडून बातम्या दिल्या जातात आणि संगीताचे हे तुटणेच श्रोत्याला भयभीत करते. ज्याला पडदा नाही अशा माध्यमात हरमन दृश्य उभे करायला शिकला, मग १९४१ साली त्याने 'सिटिझन केन'ला संगीत दिले. १९६० च्या 'सायको'साठी त्याने केवळ तंतुवाद्ये वापरली. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीत नको, असे हिचकॉकचे आधी मत होते. हरमनचे संगीत ऐकल्यावर ते बदलले. असे संगीत रेडिओवर ऐकवणे मला अन्यायाचे वाटत नाही. ते माहेरी आल्यासारखे वाटते.

अर्थात ते कसे ऐकवायचे, हा निवेदकाच्या विवेकाचा प्रश्न आहे. सुरुवातीला मी प्रत्येक तुकड्यापूर्वी प्रसंग सांगत असे: आता नायक टेकडीवर चढतो आहे, खाली गाव जळते आहे, वगैरे. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आले, की मी श्रोत्याचे कान माझ्या शब्दांनी बांधून टाकतो आहे. तो संगीत ऐकतच नाही. मी सांगितलेले गाव शोधत बसतो. त्यानंतर मी चित्रपटाचे नाव, साल, वाद्ये आणि माणसे एवढेच आधी सांगू लागलो. प्रसंग सांगायचाच असेल तर नंतर. या एका बदलाने श्रोत्यांची पत्रे बदलली. लोक स्वतः पाहिलेली दृश्ये लिहून पाठवू लागले, आणि त्यांतली काही मूळ चित्रपटातल्या दृश्यांपेक्षा सरस होती.

दुसरी अडचण तांत्रिक. वाद्यवृंदाचा प्राण त्याच्या चढउतारात असतो. एकट्या ओबोचा क्षीण स्वर आणि सगळ्या पितळी वाद्यांचा गजर यांत जे अंतर असते, त्यातच त्याचे नाट्य. प्रक्षेपणाची यंत्रणा मात्र हे अंतर कमी करून सगळे एका पातळीवर आणते, कारण रिक्षात बसलेल्या माणसाला हळू भाग ऐकू येत नाही आणि रेडिओ बंद पडला असे त्याला वाटते. एकदा एका संथ तुकड्यात आमच्या तंत्रज्ञाने काळजीपोटी आवाज वर नेला, आणि पुढच्या क्षणी आलेल्या तुतारीने दोघेही दचकलो. शांततेची भीती हा रेडिओचा जुना आजार आहे. या संदर्भात मी एक भाग 'कुंकू'वर केला. प्रभातच्या या १९३७ सालच्या चित्रपटात पार्श्वसंगीताऐवजी प्रसंगातले नैसर्गिक आवाजच वापरले आहेत. पार्श्वसंगीत नाकारण्याचा इतका विचारपूर्वक निर्णय आपल्याच मराठी चित्रपटात इतक्या आधी झाला होता, हे ऐकून अनेकांना नवल वाटले.

तथापि खरी खंत पुढे आहे. परदेशी चित्रपटांचे संगीत मिळवणे सोपे होते. 'स्टार वॉर्स'चे (१९७७) जॉन विल्यम्स यांनी रचलेले आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलेले संगीत त्याच वर्षी दोन तबकड्यांच्या संचात बाजारात आले होते. आपल्याकडे ७८ गतीच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. त्यात गाणेच अनेकदा कापून बसवलेले असे, मग पार्श्वसंगीताला जागा कोठून? पुढे 'शोले'च्या (१९७५) संवादांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या, पण त्यातले भानू गुप्तांचे माउथ ऑर्गन आजही बहुतेकांना फक्त 'अमिताभ वाजवतो ते' म्हणूनच ठाऊक आहे. हिंदी चित्रपटांचे पार्श्वसंगीत मला बहुधा चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवरूनच उचलावे लागे: वर संवाद, टांग्याची टापटाप, आणि खाली कोठेतरी चाळीस माणसांचे वादन.

ही माणसे कोण होती? त्यांतले अनेक गोव्याचे. तिथल्या चर्चच्या शाळांत ती लहानपणी स्वरलिपी वाचायला शिकली आणि पोटासाठी मुंबईला आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत स्वतःचा वाद्यवृंद उभा करून सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात जलसा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. आज त्यांचे नाव लोकांना ठाऊक आहे ते १९७७ च्या एका विनोदी गाण्यामुळे, तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी केलेल्या स्मरणामुळे. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या संगीताचा ध्वनी ज्यांच्या लेखणीतून उतरला त्या सेबॅस्टियन डिसूझांना श्रेयनामावलीत फार तर 'साहाय्यक' म्हणून जागा मिळे. तुलनेसाठी हॉलिवूड पाहा. कॉर्नगोल्डच्या 'रॉबिन हूड'च्या (१९३८) पडद्यावर वाद्ययोजनाकार ह्यूगो फ्रीडहोफर याचे नाव आहे. पुढे स्वतंत्र संगीतकार म्हणून त्याला ऑस्करही मिळाले. आपल्या वादकांच्या आठवणी नीट नोंदवून ठेवण्याचे काम ग्रेगरी बूथ या न्यूझीलंडमधील संगीताभ्यासकाने केले. 'बिहाइंड द कर्टन' हे त्यांचे पुस्तक २००८ साली आले. तोवर वाद्यवृंदाचे ते जग मोडून गेले होते.

एका भागानंतर एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला. ते लष्कर भागात राहत. मी वाजवलेल्या एका तुकड्यात दुसऱ्या व्हायोलिनांत ते बसले होते, असे ते म्हणाले. मी त्यांना भेटायला गेलो. चित्रपटाची कथा त्यांना आठवत नव्हती. चित्रपट त्यांनी कधी पूर्ण पाहिलाच नव्हता. ताडदेवचा स्टुडिओ, समोर पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरवले जाणारे रीळ आणि शिफ्ट संपल्यावर मिळणारे पैसे एवढे स्पष्ट आठवत होते. वादनाचे कागद काय झाले, असे विचारल्यावर त्यांनी हाताने उडवून टाकल्याची खूण केली. पुढच्या भागात तुमचे नाव घेऊ का, असे मी विचारले. ते म्हणाले, "एकट्याचं नको. सगळ्यांची घेता येत असतील तर घ्या."

सगळ्यांची मला घेता आली नाहीत. ती कोठेही एकत्र लिहिलेली नव्हती. आणि म्हणूनच माझे मत असे झाले आहे, की अशा कार्यक्रमाच्या निवेदकाचे पहिले काम रसग्रहणाचे नसून नोंदीचे आहे. वाद्ययोजनाकाराचे आणि एकल वादकाचे नाव घ्यायला दहा सेकंदही लागत नाहीत. गाणी लावणाऱ्या प्रत्येक निवेदकाने ती खर्च करावीत. पुण्यातच १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. चित्रपटांच्या रिळांइतकीच काळजी त्यांच्या स्वरलिपीच्या कागदांची आणि पार्श्वसंगीताच्या मूळ ध्वनिफितींची घेतली गेली पाहिजे. ज्यांच्या घरी माळ्यावर असे कागद असतील त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी कुणाला तरी दाखवावेत, एवढी विनंती मी प्रत्येक भागाच्या शेवटी करीत असे. तीन वर्षांत दोन घरांतून उत्तर आले. एका घरी कागद होते.