विहिरी कोणी आटविल्या?



चैत्र लागला की मराठवाड्यातील आपल्या वस्त्यांतून माता-भगिनी रिकाम्या घागरी घेऊन टँकरची वाट पाहत बसतात. गावची सार्वजनिक विहीर कोरडी पडलेली असते. कोणी म्हणतो, देव कोपला. कोणी म्हणतो, पाऊसच नाही, त्याला कोण काय करणार? मग कोठे धोंडी काढली जाते, कोठे पाणाड्या तळहातावर नारळ धरून शिवारभर फिरतो. आपण स्वीकारलेला धम्म कारणावाचून कार्य मानीत नाही. तेव्हा विहीर आटली असेल तर ती कशाने आटली आणि कोणी आटविली, हे विचारणे आपले कर्तव्यच ठरते.

प्रथम जमिनीकडे पाहा. महाराष्ट्राचा सुमारे आठ दशांश भाग काळ्या कातळावर वसला आहे. वाळूच्या जमिनीप्रमाणे हा कातळ पाणी पीत नाही. वरचा मुरूम आणि कातळातील भेगा यांत जेवढे पाणी मुरेल तेवढाच आपला साठा. तो लहान असतो, पण पावसाळ्यात पुन्हा भरतो. मोटेने पाणी काढीत होते तोवर हा जमाखर्च कसाबसा जुळत असे. पुढे विजेचा पंप आला, त्यामागून बोअरचे यंत्र आले. आज कित्येक गावांत २०० मीटरांहून खोल बोअर गेले आहेत. इतक्या खोलवरचे पाणी भरून यावयास फार काळ लागतो. शिवाय बोअर वरच्या थरातले पाणीही खाली ओढून घेतो. शेजारची उथळ विहीर मग आटणारच!

आता हे उपसलेले पाणी जाते कोठे ते पाहा. देशात जमिनीतून काढल्या जाणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८७ टक्के पाणी शेतीला लागते. घरगुती वापराचा वाटा सुमारे दशांश एवढाच आहे. लोकसंख्या वाढली म्हणून विहिरी आटल्या, असे सांगणाऱ्यास हा आकडा दाखवा. आणि शेती तरी कोणती? ज्वारीला हंगामात ४५० ते ६५० मिलिमीटर पाणी पुरते. उसाला १५०० ते २५०० मिलिमीटर लागते. लातूरकडे वर्षाचा सरासरी पाऊसच ८०० मिलिमीटरांच्या आसपास आहे. उरलेले पाणी ऊस धरणातून ओढील, नाही तर जमिनीच्या पोटातून!

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे तुम्हांस स्मरत असेल. पहिल्या गाडीस १० डबे होते, पुढे ५० डब्यांच्या गाड्या आल्या. ५० डब्यांत २५ लाख लिटर पाणी मावे. एक हेक्टर उसाला २००० मिलिमीटर पाणी धरले तर २ कोटी लिटर होतात. म्हणजे अशा ८ गाड्या एका हेक्टरात मुरल्या. २०१४ आणि २०१५ साली पाऊस दगा देऊन गेला, हे कोणी नाकारीत नाही. परंतु त्याच दुष्काळात साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली होती, हेही नाकारता येत नाही. आणि दैवदुर्विलास पाहा! बीड जिल्ह्यातील आपले बांधव दिवाळीनंतर कोयते घेऊन बैलगाडीत संसार भरतात, ते कशासाठी? ज्या पिकाने त्यांच्या शिवारातले पाणी पळविले, तेच पीक दुसऱ्याच्या शिवारात तोडण्यासाठी.

या लुटीला कायद्याचा आधार आहे. ज्याची जमीन त्याचे तिच्याखालील पाणी, हे तत्त्व १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने मान्य केले. ज्याला जमीनच नाही त्याने काय करावे? २० मार्च १९२७ रोजी महाडास बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा आड विटाळ येत होता. आज सातबाऱ्याचा उतारा आड येतो. त्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत झाली. पंप ज्याचा, सवलतही त्याची! सार्वजनिक पेयजलस्रोताच्या ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून विहीर खोदू नये, असे १९९३ च्या राज्य कायद्याने सांगितले. त्याच्या जागी आलेला २००९ चा कायदाही या स्रोतांना संरक्षण देतो. परंतु तक्रार करणारा पुढे आला नाही तर कायदा कपाटातच पडून राहतो.

दुसरा मार्ग नाही असे कोणी म्हणेल. तो खोटा आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावास विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तेथे पाणी जमिनीवर न वाटता कुटुंबातील माणसांवर वाटले. भूमिहीनासही वाटा मिळाला आणि उसास मनाई झाली. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले आणि दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडून पिके ठरविली. ज्या तत्त्वावर ही गावे चालली, ते आपल्या गावाने का नाकारावे?

म्हणून ग्रामसभेस जा. स्त्रियांनी तर अवश्य जा. पिण्याच्या विहिरीभोवती कोणकोणते बोअर आहेत, त्यांना परवानगी होती काय, हे विचारा. लेखी तक्रार द्या, तिची पोच घ्या. रब्बीपूर्वी गावाच्या पाण्याचा हिशेब मागा आणि त्यात भूमिहीनाचा वाटा लिहावयास लावा. आपल्यापैकी ज्यांस चार एकर जमीन लाभली आणि ज्यांनी बोअर मारून ऊस लावला, त्यांनाही हेच सांगणे आहे. शेजारच्या घागरीतले पाणी पळविण्याचा अधिकार आपल्यालाही नाही.

तळ्याचे पाणी आपण हक्काने घेतले. कातळाखालचे पाणीही हक्कानेच घ्यावयाचे आहे, आणि सर्वांसाठी राखावयाचे आहे.

जय भीम!