नाभिकाचा हात आणि आपली जबाबदारी

सुश्रुताचार्यांनी कुष्ठनिदानाच्या अखेरीस औपसर्गिक रोगांच्या प्रसाराची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत गात्रसंस्पर्श, निःश्वास, वस्त्र आणि अनुलेपन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. केशकर्तनालयाच्या एका खुर्चीत ही चारही कारणे एकत्र येतात. तरीही तेथील शुचितेचा विषय निघाला, की आपण वैद्य ग्राहकाच्याच बाजूने बोलतो. खुर्चीमागे दिवसभर उभ्या असलेल्या कारागिराचा विचार क्वचितच होतो. आमच्या मते प्रारंभ त्याच्या हातापासून व्हावयास हवा.

कापलेल्या केसांचे आखूड, टोकदार तुकडे बोटांच्या बेचक्यातील ओलसर त्वचेत रुततात. प्रथम कंड, मग सूज, पुढे पूयस्राव आणि अखेर नाडीव्रण, असा हा प्रवास असतो. आधुनिक वैद्यकाने हा नाभिकांचा व्यावसायिक रोग मानला आहे. सुश्रुतसंहितेत शारीर शल्यांमध्ये दंत व नखांबरोबर रोमाचीही गणना आहे. परक्याचा केस शारीर मानावा की आगंतु, हा वाद पाठशाळेसाठी ठेवू. उपाय मात्र साधा आहे. प्रत्येक ग्राहकानंतर बेचके धुऊन कोरडे करावे, अडकलेले केस तत्काळ काढावेत आणि रात्री हातांस तेल लावावे. हे सांगायला किती वैद्य केशकर्तनालयाची पायरी चढले आहेत?

सौंदर्यप्रसाधनगृहातील भगिनींची व्यथा निराळी. सतत पाणी, शाम्पू आणि केसांचे रंग हाताळून त्यांच्या हातांस भेगा पडतात, विचर्चिका होते. कलपातील पॅराफेनिलीनडायमिन हे द्रव्य अनेकींना सोसत नाही, आणि 'काळी मेंदी' या नावाने विकल्या जाणाऱ्या पुडीतही ते पुष्कळदा असते. मेंदीची पाने केस काळेभोर करीत नाहीत, हे वनौषधी जाणणाऱ्या आपणच ठणकावून सांगायला हवे. हातमोजे वापरा, हेही.

एड्सच्या भीतीने पाते बदलण्याची सवय बरीच रुजली, ही समाधानाची गोष्ट. परंतु पाते नवे असले, तरी वस्तऱ्याची मूठ तीच, पंचा तोच आणि तुरटीचा खडाही तोच! एका गालावरील रक्ताळलेल्या ओरखड्यावरून तो थेट दुसऱ्या गालावर जातो. हिपॅटायटीस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो, हे लक्षात घेता खड्याऐवजी तुरटीची पूड कापसावर घेऊन वापरावी व तो कापूस टाकून द्यावा. गेल्या दशकात दद्रूचा रोग किती चिवट झाला आहे, हे प्रत्येक वैद्य जाणतो; पंचा सामाईक असेल, तर आपले औषध कोठवर पुरणार? सकाळी भरलेल्या जंतुनाशकाच्या पेल्यात कात्री बुडवून काढणे हा केवळ उपचार झाला. आधी साबणाने घासून केस व मळ काढावा आणि नंतर ७० टक्के अल्कोहोल वापरावे. निळ्या दिव्याच्या पेटीत मळकी कंगवी ठेवल्याने ती शुद्ध होत नाही.

या साऱ्यास खर्च येतो, आणि दाढीचे दर पाच रुपयांनी वाढले की कुरकुरणारा ग्राहक आपल्यातीलच असतो. नाभिक बांधवांना उपदेश करण्यापूर्वी ती वाढ आपण आनंदाने द्यावी. शाखांनी त्यांच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी हातांची तपासणी ठेवावी आणि हिपॅटायटीस बी च्या लसीच्या तिन्ही मात्रा पूर्ण करण्याचा आग्रह धरावा. लस आपल्या शास्त्रातील नाही म्हणून संकोच नको.

हे लिहिण्याआधी आम्ही आमच्याच पंचकर्म कक्षात डोकावलो. अभ्यंगाच्या मेजावरील चादर सकाळपासून तीन रुग्णांना पुरली होती, आणि शिरोधारेनंतर केस विंचरण्याची कंगवी एकच होती. परिचारकास विचारले, तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टर, दुसरी आणून दिलीच नाही कधी." त्याच सायंकाळी बारा कंगव्या व दोन डझन चादरी आणल्या.