वाचता वाचता : वेगळी चूल

श्रावणात दरवर्षी वसईचे माझे एक जुने बँक-सहकारी धसईला चार दिवस मुक्कामास येतात. कल्याणला उतरून मुरबाडमार्गे एस.टी.ने. पिशवीत कपडे कमी, पुस्तके अधिक. २०१६च्या डिसेंबरात आमचे धसई ‘कॅशलेस गाव’ म्हणून वर्तमानपत्रांत झळकले; आम्हा दोघांतील पुस्तकांचा व्यवहार मात्र अजून रोखीचाच, या हातातून त्या हातात.

गृहस्थ कॅथलिक. निवृत्तीनंतर आपल्याच धर्मबांधवांनी मराठीत काय लिहून ठेवले आहे ते क्रमाने वाचायचे त्यांनी ठरविले. आरंभ फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून. १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेला हा ओवीबद्ध ग्रंथ. ‘‘जन्माने इंग्रज, पण ओवी अशी सहज, की मलाच लाज वाटली,’’ असे म्हणून त्यांनी तो निम्म्यावर ठेवला होता, हेही प्रांजळपणे सांगितले. बाबा पदमनजींची १८५७ची ‘यमुनापर्यटन’ त्यांनी एका बैठकीत संपविली. विधवांच्या दुःखाने ते हेलावले. उपदेशाची पाने जड गेली. मला ही कादंबरी त्यांच्याहून अधिक आवडते, पण तो वाद पुढच्या श्रावणासाठी राखून ठेवला आहे.

यंदा मात्र ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’वर अडले होते. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली काही वर्षे पती-पत्नी दुरावलेली. पुढे एकत्र राहू लागल्यावरही बाईंचे सोवळे आणि स्वयंपाक निराळाच.

‘‘बाप्तिस्म्याची पाने मी भरभर वाचली,’’ ते म्हणाले. ‘‘या वेगळ्या चुलीपाशी मात्र तीनदा परतलो. टिळकांनी ती चूल मोडली नाही हो.’’

आम्ही सूर्यास्तापूर्वीच जेवायला बसलो होतो. आमच्या घरी ते इतकी वर्षे कांदा-लसणाविना, आमच्या वेळेला जेवत आले आहेत. मी सहज म्हणालो, ‘‘तुम्हीही आमची चूल कधी मोडली नाहीत.’’

ते काही बोलले नाहीत. त्यांच्या मुलीने नऊ वर्षांपूर्वी एका गुजराती जैन मुलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तिने मांसाहार सोडल्याचे कानी आले, तेव्हापासून यांनी तिचे नावही घेतलेले नाही. मुलाकडच्या मंडळींनीही प्रारंभी दार उघडले नव्हते, हे आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको. आपल्या पेढ्यांतून अशी खाती किती वर्षे बंद पडून असतात, हे मी जवळून पाहिले आहे.

निघण्याच्या सकाळी त्यांनी पिशवीतून ‘स्मृतिचित्रे’ची दुसरी, कोरी प्रत काढली. तपकिरी कागदात नीट बांधून आणलेली. वर तिचे नाव लिहिलेले. खाली जागा मोकळी. पत्ता त्यांच्याजवळ नव्हता.

माझ्याकडे न पाहता ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि आमच्या सौभाग्यवतींना म्हणाले, ‘‘वहिनी, तुमच्याकडे असेलच.’’

तिने हात पुसले आणि डब्यांमागची वही काढली.