पॉलिश की तेल?

सागवान म्हटलं की आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, "आता परवडत नाही हो". दुसरं, "पूर्वीच्या लोकांनी काय कामं करून ठेवलीत!" त्या कामांवर दरवर्षी हात कोण फिरवत होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. हा लेख त्या हात फिरवण्याबद्दल आहे. वाचून कुणाला राग आला तर येऊ दे.

निमित्त शिडाच्या बोटीचं. मे २०२४ मध्ये मी चार आठवडे गोव्यात एका बोटयार्डात होतो. (इंटर्नशिप म्हणायचं ते सर्टिफिकेटपुरतं, प्रत्यक्षात पॉलिश पेपर घासणे!) साधारण तीस फुटी फायबरची बोट, पण आतलं सगळं सागवानी. झोपायचे बंक, त्याखालचे कप्पे, नकाशाचं टेबल, केबिनमध्ये उतरायच्या पायऱ्या, बोट हेलकावली की पकडायचे दांडे, आणि ओट्यावरून भांडी घसरू नयेत म्हणून मारलेल्या उभ्या पट्ट्या. मालकाने काही वर्षांपूर्वी दुसऱ्या कुठल्यातरी यार्डात या सगळ्यावर चकचकीत पीयू मारून घेतलं होतं. आमच्यापर्यंत बोट आली तेव्हा कडांना ते पांढरं पडून पापडासारखं सुटत होतं.

का सुटतं? व्हार्निश असो की पीयू, त्याची लाकडावर फिल्म बनते. सागात मुळातच तेलकट अंश असतो, त्यामुळे ॲसिटोनने नीट पुसून न घेता मारलं तर ही फिल्म धड चिकटत नाही. शिवाय लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. कडेला कुठेतरी चीर जाते, तिथून पाणी शिरतं आणि फिल्मखाली अडकून बसतं. मग दोष एक इंचाचा असला तरी घासून काढावी लागते अख्खी फळी. तेलाचं तसं नाही. ते लाकडाच्या वरच्या थरात मुरतं. डाग पडला तिथे घासा, तिथेच तेल लावा, संपलं! पीयू दिसायला झकास, पण बिघडलं की कारागीर शोधा. तेल दिसायला साधं, पण बोटीवर राहणारा कुणीही ते दुरुस्त करू शकतो. माझं मत सरळ तेलाच्या बाजूने आहे.

तेल लाकडाला "पोसतं" असंही म्हणतात. आमच्या मेस्तांना (गोव्यात सुताराला मेस्त म्हणतात) याचं हसू यायचं. "तेल लाकडाक नाका रे, तुमच्या दोळ्यांक जाय!" खरंच आहे ते. वाडियांनी १८१७ मध्ये मुंबईत बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. साग टिकतो तो त्याच्या अंगच्या द्रव्यांमुळे. उघड्या डेकवर तर तेल न लावलेलंच बरं. ऊन आणि पाऊस ते थोड्याच दिवसांत खाऊन टाकतात, साग राखाडी पडतो आणि त्यात काही बिघडत नाही. केबिनमध्ये ऊन नसतं, म्हणून तिथे तेल टिकतं आणि घामट हात, चहा, डिझेलची काजळी लाकडात मुरू देत नाही.

काम असं चालतं. आधी गोड्या पाण्याने धुणं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे खारट लाकूड धड वाळतच नाही. जुनं तेल काळं-चिकट झालं असेल तर स्क्रेपर, मग पॉलिश पेपर १२० पासून २२० पर्यंत, नेहमी रेषांच्या दिशेने. सांभाळायचं ते प्लायवर. वरचा सागाचा व्हिनियर एक मिलिमीटरसुद्धा जाड नसतो, जरा जोर झाला की खालचं प्लाय दात दाखवतं. स्टीलवूल आणायला तर बंदीच होती. त्याचे कण लाकडात अडकतात, गंजतात आणि काळे ठिपके पडतात. त्याऐवजी भांडी घासायची हिरवी घासणी. (मेसमधली चालेल, पण मावशींना विचारून.) मग तेल. कापडाने पातळ लावायचं, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं आणि उरलेलं सगळं पुसून काढायचं. हे पुसणंच सगळ्यात जिवावर येतं, कारण ओलं लाकूड काय सुंदर चमकत असतं! पण न पुसलेलं तेल चिकट राहतं, धूळ धरतं आणि बंद केबिनमध्ये त्यावर बुरशी चढते. असे दिवसाआड तीन-चार हात.

दुकानात 'टीक ऑइल' म्हणून मिळतं ते सागापासून काढलेलं नसतं. बहुतेक वेळा जवसाचं किंवा टंगचं तेल, थिनर आणि थोडं रेझिन. ही तेलं वाळतात म्हणजे उडून जात नाहीत, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्यांचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. फर्स्ट इयरला आयोडीन व्हॅल्यू पाठ केली होती ना? जवसाची १७० च्या वर, खोबरेलाची १० च्या आसपास. म्हणून खोबरेल कधी वाळत नाही, नुसतं खवट होतं. हॉस्टेलच्या कपाटांना ते फासणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

एवढं पुराण लावलं ते आपल्या रीडिंग हॉलच्या टेबलांसाठी. जुनी, सागवानी, चहाचे गोल आणि कंपासने कोरलेली नावं मिरवणारी टेबलं. त्यांच्यावर सनमायका मारायचं घाटतंय असं कानावर आलं. कारण काय, तर मेंटेनन्स फ्री! या शब्दाचाच मला राग आहे. मेंटेनन्स फ्री म्हणजे बऱ्याचदा दुरुस्त न होणारं. सनमायकाची कड एकदा उचकटली की पोरं लेक्चरभर ती सोलत बसतात, हे मागच्या बाकांवर बसणाऱ्यांना सांगायला नको. आपल्याला डिझाइनचे पेपर ढीगभर, आणि मेंटेनन्स ही 'स्कोअरिंग' म्हणून घ्यायची इलेक्टिव्ह.

सर विचारतील, दरवर्षी तेल लावणार कोण? प्रश्न रास्त आहे. त्या बोटमालकालाही वर्षातून एकदा-दोनदा माणूस शोधायचा कंटाळा आला होता, म्हणूनच तो पीयूकडे वळला. मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. पण आपल्याकडे माणसं आहेत, तीही फुकटात! दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की खिडकीजवळचं एकच टेबल आम्हाला द्या. वर्कशॉपच्या सरांनी परवानगी दिली तर आम्ही सहाजण तयार आहोत. उन्हाळ्यापर्यंत वापरून बघा, नाहीच पटलं तर सनमायका कुठे पळून जातोय? कोरलेली काही नावं घासली जातील, त्याबद्दल माजी विद्यार्थ्यांची आगाऊ माफी.

आणि एक विनंती. जवसाचं तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकला तर ती आत कोंडते आणि काही तासांत बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. यार्डात मेस्त रोज संध्याकाळी चिंध्या मोजून, एकेक सुटी करून, बाहेर दोरीवर वाळत घालायचे. तेव्हा हॉलमागच्या दोरीवर घाणेरडी फडकी लटकलेली दिसली, तर रेक्टर सरांनी कृपया ती गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावू नयेत.