बराकीतले संसार

नोटर डेम म्हटलं की लोकांना सोनेरी घुमट आठवतो, फुटबॉल आठवतो, मुलामुलींची वेगवेगळी वसतिगृहं आठवतात. इंडियानातल्या या कॅथलिक विद्यापीठाच्या कौतुकात विद्यार्थ्यांच्या संसारांना मात्र जागा नाही!

महायुद्धावरून परतलेले सैनिक बायकामुलांसकट शिकायला आले. मग मिसूरीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून ३९ बराकी आणल्या, एकेकीचे तीन भाग पाडले, ११७ घरं झाली. हेच ते १९४६ चं व्हेटव्हिल. तिथले धर्मगुरू होते फादर हेसबर्ग. पुढे १९५२ ते १९८७ विद्यापीठाचे अध्यक्ष. म्हणजे हे संसार त्यांनी जवळून पाहिलेले. तरी त्यांच्याच कारकिर्दीत ग्रंथालयासाठी व्हेटव्हिल पाडलं. आज त्या ग्रंथालयाला नाव त्यांचंच आहे.

ग्रंथालय नको होतं असं कोण म्हणतंय? १९६२ मध्ये विवाहितांसाठी युनिव्हर्सिटी व्हिलेज झालं, हेही मान्य. पण २०१८ मध्ये तेही बंद! आणि गंमत बघा, त्याच वर्षापासून प्रवेश घेणाऱ्या पदवीच्या मुलांना सहा सत्रं आवारातच राहायची सक्ती. का, तर एकत्र राहण्यातून समाज घडतो.

अहो, मग बाळाची दुपटी वाळत घालून प्रबंध लिहायला बसणाऱ्यांचा समाज घडत नाही का? इमारती जुन्या होतात, कबूल. पण १८८९ चा सोरिन हॉल डागडुजी करून अजून नांदतोच आहे ना! कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांनी कुटुंबांच्याच घरांवर आधी हातोडा चालवावा, हे मला तरी पटत नाही.

तुम्हाला पटतं?