मत कुणाला दिलं, हे घरच्यांनाही सांगावं लागतं का?

मतदान करून घरी आलं, की पिंपळनेरच्या ओट्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कोनले दिधं?’ विचारणारा कधी सासरा असतो, कधी चुलतभाऊ, कधी शेजारचा कार्यकर्ता. घरातल्या कर्त्या माणसानं तर ‘आमची सहा मतं तुमचीच’ असा शब्द आधीच देऊन टाकलेला असतो. बाकीच्या पाच जणांनी मग काय करायचं?

कायदा काय सांगतो?

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 94 नुसार, तुम्ही मत कुणाला दिलं हे न्यायालयातही सांगायची सक्ती करता येत नाही. जे न्यायाधीश विचारू शकत नाहीत, ते घरच्यांनी का विचारावं? दृष्टिहीन वडिलांसोबत मुलगा मतदानकक्षात गेला, तरी ते मत गुप्त ठेवण्याची हमी त्याला आधी द्यावी लागते.

देवाची शपथ घेतली असेल तर?

‘शब्द मोडला तर देव कोपेल’ अशी भीती घालून मतदाराला वळवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 171 खाली गुन्हा आहे. म्हणजे चूक शपथ घालणाऱ्याची, मोडणाऱ्याची नाही.

मशीनमधून कळतं का?

नाही. लोकसभा-विधानसभेला व्हीव्हीपॅटची चिठ्ठी 7 सेकंद फक्त तुम्हाला दिसते आणि बंद पेटीत पडते. तिच्यावर मतदाराचं नाव नसतं.

मग ‘आम्हाला सगळं कळतं’ असं कार्यकर्ते का म्हणतात?

कारण मतमोजणीत प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा जाहीर होतो. एका माणसाचं मत कळत नाही, पण कोणत्या गल्लीनं, कोणत्या पाड्यानं साथ दिली नाही, याचा अंदाज येतो. मग रस्ता, पाणी अडवण्याची भाषा सुरू होते. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांची मतं एकत्र मिसळून मोजता येत. मशीनसाठी तशीच सोय करणारं ‘टोटलायझर’ यंत्र निवडणूक आयोगानं 2008 मध्ये सुचवलं, विधी आयोगानं 2015 मध्ये त्याला दुजोरा दिला. ते अजून वापरात आलेलं नाही. ते यायला हवं.

घरातली फट मात्र आपणच बुजवू शकतो. स्वतःहून सांगायला कुणाची हरकत नाही. पण न सांगणारी सून घरभेदी ठरत नाही आणि गप्प राहणारा भाऊ फितूर होत नाही. सहा जणांच्या घरात सहा मतं असतात, एक गठ्ठा नव्हे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर हसून ‘दिलं बरं का’ एवढंच सांगा. आणि आपणही दुसऱ्याला विचारू नका.