कागदी कप आणि माळ्यावरचे पेले

पालकहो, मुलांच्या डब्यात हल्ली टिश्यू पेपर दिसतो. हात पुसला की कचऱ्यात. त्यापेक्षा जुन्या सुती साडीचे चौकोनी तुकडे कापून कडा शिवून घ्या. आमच्याकडे रोज एक डब्याबरोबर जातो, बाकी कपड्यांत धुतला जातो. खर्च काहीच नाही.

खरी अडचण कागदी कपांची आहे. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि ‘कागदाचे चालतात’ म्हणून आपण निर्धास्त झालो. पण चहा झिरपू नये म्हणून या कपांना आतून बहुतेक वेळा प्लास्टिकचाच पातळ थर असतो. त्यामुळे ते साध्या रद्दीतही जात नाहीत.

खोटं कशाला बोलू, मुलीच्या वाढदिवसाला मीही पन्नास कप आणले होते. भांडी कोण घासणार? हा प्रश्न घरातल्या बाईलाच पडतो ना! यंदा माळ्यावरचे स्टीलचे पेले काढले, कमी पडले ते शेजारच्या काकूंकडून आणले. घासायला मुलगी आणि तिचे बाबा बसले. काकूंचा एक पेला अजून सापडत नाही. त्यावर त्यांचं नाव घातलंय, म्हणजे शोधावा लागणारच.